सुरुंग कोणाचा?

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमच्या चिरंजीवांनी आणि त्यांच्या पाच-सहा सवंगड्यांनी सोसायटीच्या मागच्या अंगणात चार दिवस खपून एक किल्ला उभा केला. माती, विटा, गोणपाट, उतारावर पेरलेली मोहरी, सिंहासनावर महाराज आणि पायथ्याला महाराजांहून दुप्पट उंचीची एक गवळण, असे सारे यथासांग होते. पण किल्ला उभा राहिल्यावर मंडळींना तो पाडण्याची घाई झाली. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यांनी एका बुरुजाखाली लवंगी फटाक्यांची माळ पुरली आणि "सुरुंग लावलाय, सुरुंग लावलाय, मागे व्हा!" असा पुकारा करीत सगळी फौज जिन्याआड पळाली.

वर गॅलरीत वेताच्या खुर्चीवर माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना आता नीटसे दिसत नाही, पण कान तिखट आहेत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? ब्लास्ट नाही, बॉम्ब नाही. सुरुंग म्हणाला पोरगा! अरे, भाषा रक्तात असते."

मी "हो" म्हटले. मराठीचा प्राध्यापक मी. वीस वर्षे मुलांना शब्दांची कुळेमुळे शिकवीत आलो आहे. माझे ते "हो" खोटे होते.

हे खोटे मी का बोललो ते कळायला अण्णांच्या वहीची हकीकत सांगायला हवी. अण्णा शाळामास्तर. भाषाशुद्धीचे व्रत त्यांनी तरुणपणी घेतले ते आजतागायत सोडलेले नाही. 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द सावरकरांनी दिले हे ते आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. आमच्या घरात फ्रिज नाही, शीतकपाट आहे. औषधांच्या दुकानात जाऊन "दहा पिचकाऱ्या द्या" असे म्हणणारा गावातला एकमेव ग्राहक मीच असेन, कारण अण्णांना रोज इन्शुलिन टोचावे लागते आणि सिरिंज हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नाही. दुकानदार आता सरावला आहे. पहिल्यांदा त्याने मला रंगपंचमीची आठवण दिली होती.

तर ही वही. उभ्या तीन रेघा मारून केलेले रकाने: परका शब्द, स्वकीय शब्द, शेरा. पन्नासेक वर्षांत मिळून अठराशेच्या वर नोंदी. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ही वही छापून आप्तेष्टांना वाटायची, असे आम्ही भावंडांनी ठरविले. मी मोठ्याने वाचायचे, अण्णांनी ऐकून दुरुस्ती सांगायची, आणि मुद्रणप्रत मी करायची, असा बेत. रोज सकाळी टोचणे झाले की तासभर वाचन. दिवाळीच्या आधी काही दिवस आम्ही 'म'वर आलो होतो, आणि तिथे ही नोंद होती: 'माईन — सुरुंग. शेरा: शुद्ध स्वकीय. महाभारतात आहे.'

महाभारतात आहे, हे अगदी खरे. जतुगृहाची कथा कोणाला ठाऊक नाही? पांडवांना लाखेच्या घरात जाळण्याचा बेत झाला, विदुराने एक खणणारा माणूस गुपचूप पाठविला, त्याने जमिनीखालून वाट केली आणि कुंतीसह पाचही जण सुखरूप निसटले. त्या वाटेला तिथे 'सुरुंगा' म्हटले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे आदिपर्व वि. सी. सुखटणकरांनी १९३३ मध्ये पुरे केले आणि पर्वांचे सारे काम १९६६ साली संपले. त्या आवृत्तीचा खंड अण्णांच्या कपाटात आहे. शेऱ्याचे पहिले दोन शब्द मात्र खरे नव्हते.

'सुरुंग' हा ग्रीक शब्द आहे. मूळ रूप सीरिंक्स. अर्थ, बासरी.

बासरीचा सुरुंग झाला कसा, ही गोष्ट मला नेहमीच मोठी गमतीची वाटत आली आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये हा शब्द भेटतो. रात्रीच्या वेळी आगामेम्नॉन राजा झोप न येऊन ट्रॉयच्या मैदानाकडे पाहत असतो, तेव्हा शत्रूच्या छावणीतून वाद्यांचे आवाज त्याच्या कानी येतात. त्यांत हे सीरिंक्स आहे. अकिलिसच्या ढालीवर जी चित्रे कोरलेली आहेत, त्यांत दोन गुराखी हे वाद्य वाजवीत निर्धास्त चालले आहेत, आणि पुढे दबा धरून बसलेले लोक त्यांच्यावर तुटून पडणार आहेत. गुराख्याचे वाद्य ते. कमीअधिक लांबीचे वेळूचे तुकडे ओळीने मेणाने जोडलेले. आपल्या बासरीसारखी त्याला बोटांची भोके नसतात. जितके स्वर तितक्या नळ्या.

या वाद्याची एक जन्मकथाही आहे. ती आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः ओव्हिड या लॅटिन कवीमुळे. आर्केडियाच्या रानात सीरिंक्स नावाची एक वनदेवता होती. शिंगे नि बोकडाचे पाय असलेला पॅन हा रानदेव तिच्या मागे लागला. ती धावत लादोन नदीच्या काठी आली, पुढे वाट नाही असे पाहून तिने जलदेवतांची करुणा भाकली, आणि पॅनने कवटाळायला हात घातला तो त्याच्या हाती बोरूचे जुडगे आले. त्याने उसासा टाकला. तो उसासा बोरूंच्या पोकळीतून सूर होऊन बाहेर पडला. मग त्याने ते बोरू कापून मेणाने जोडले आणि वाद्याला तिचेच नाव दिले. देबुस्सी या फ्रेंच संगीतकाराने १९१३ साली एकट्या बासरीसाठी एक छोटी रचना केली, तिचे नावही 'सीरिंक्स'च आहे. कथा सुंदर खरी, पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणून ती घ्यायची नसते. आधी शब्द, मग कथा, हा सर्व देशांतला रिवाज आहे.

व्युत्पत्तीसाठी पाहायचे ते हे की ग्रीकांच्या मनात या शब्दाचे मर्म सुरात नव्हते, पोकळीत होते. याच 'इलियड'मध्ये अकिलिस आपल्या बापाचा भाला ज्या लांबट म्यानातून बाहेर काढतो, तेही सीरिंक्सच. पुढे रथाच्या चाकाच्या तुंब्याला, ज्यात आस बसतो त्या भोकाला, हाच शब्द लागला. वैद्यांनी तो शरीरात नेला. आत नळीसारखी वाट करीत जाणाऱ्या व्रणाला ते सीरिंक्स म्हणू लागले, आणि हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत या व्रणांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. आपल्या वैद्यांनी त्याच दुखण्याला 'नाडीव्रण' म्हटले. नाडी म्हणजेही मुळात पोकळ नळी. ऋग्वेदात तर ती वाजतेसुद्धा. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच उपमा शोधली. असल्या योगायोगांमुळेच शब्दांच्या धंद्यात फार सावध राहावे लागते. सारखे दिसले म्हणून सगेसोयरे ठरत नाहीत.

पोकळ आणि लांब ते सारे सीरिंक्स, असे एकदा ठरल्यावर जमिनीखालची वाट सुटेल कशी? ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला इतिहासकार पॉलिबियस वेढ्याच्या वर्णनात आच्छादलेल्या, छपराखालून जाणाऱ्या वाटांना हा शब्द वापरतो. मिसर देशात थीब्झजवळच्या डोंगरात फॅरो राजांची जी खोदीव थडगी आहेत, त्यांच्या लांबच लांब वाटा पाहून ग्रीक प्रवाशांनी त्यांना 'सीरिंगेस', म्हणजे बासऱ्या, हेच नाव ठेवले. थडग्याला बासरी म्हणणारे हे लोक मला मनापासून आवडतात. त्यांतल्या पुष्कळांनी आपल्या प्रवाशांप्रमाणेच भिंतींवर स्वतःची नावेही खरडून ठेवली आहेत.

हा शब्द आपल्याकडे आला कोणाबरोबर, त्याची चिठ्ठी कोणी मागे ठेवलेली नाही. पण ग्रीक आले होते, हे काही गुपित नाही. अलेक्झांडर ख्रिस्तपूर्व ३२७ ते ३२५ या काळात वायव्येस होता, आणि त्याच्यामागून बॅक्ट्रिया-पंजाबात ग्रीक राजांनी कितीतरी पिढ्या राज्य केले. शहरे वेढणे आणि तट पाडणे यांत ती मंडळी वाकबगार. शिकवणाऱ्याची परिभाषा शिकणाऱ्याच्या तोंडी बसते, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको. आपल्या इकडेही यवन होतेच. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जे खांब आहेत, त्यांतल्या काहींवर 'यवन' म्हणविणाऱ्या धेनुकाकटाच्या रहिवाशांची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांतही एक आहे. बुद्धाला खांब वाहणारे, प्राकृतात नाव कोरणारे हे यवन. त्यांनी सुरुंग आणला असे मी म्हणत नाही. देवघेव किती खोलवर होती एवढेच सांगतो.

शब्द परका आहे हे ओळखले कसे? संस्कृतात त्याला धड धातू सापडत नाही. रूपही एक नाही. कुठे 'सुरुंगा', कुठे 'सुरंगा', म्हणजे कानाने ऐकून जमेल तसे लिहिलेले. आणि ग्रीकमध्ये मात्र बासरीपासून भुयारापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एकाखाली एक दिसतात, आपल्याकडे एकदम तळघरच. ओटो श्टाइन या प्राच्यविद्यापंडिताने १९२५ मध्ये या एका शब्दावर लांबलचक निबंध लिहिला.

एका शब्दावर एवढा खटाटोप का? कारण हा शब्द एका मोठ्या खटल्यात साक्षीदार आहे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' छापून प्रसिद्ध केले आणि विद्वानांत वाद पेटला: हा ग्रंथ खरोखर चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा, की नंतरच्या कोणाचा? त्यात राजवाड्याच्या गुप्त वाटेसाठी आणि किल्ल्याच्या वेढ्यासाठी 'सुरुंगा' हा शब्द आहे. आता ग्रीकमध्येच जर वेढ्याच्या भुयाराला हा शब्द पॉलिबियसच्या काळी दिसू लागतो, तर त्याच्या कितीतरी आधीच्या चाणक्याच्या लेखणीत तो कसा आला? एका बाजूने हा मुद्दा जोराने मांडला. दुसऱ्या बाजूला मुंबई विद्यापीठासाठी 'अर्थशास्त्रा'ची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास सिद्ध करणारे र. पं. कंगले यांच्यासारखे लोक होते. १९६५ साली त्यांचा तिसरा खंड निघाला, तेव्हाही ते ग्रंथ मौर्यकाळाचाच मानीत होते. आज बहुतेक अभ्यासक ग्रंथाला नंतरचा ठरवितात, पण केवळ सुरुंगाच्या साक्षीवर नव्हे. मला विचाराल तर एका शब्दाच्या खांद्यावर एवढा ग्रंथ तोलणे हे जरा जास्तच होते.

चाणक्य निघालाच आहे तर विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तला सुरुंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दरवर्षी वर्गात सांगतो, आणि शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा खिडकीबाहेर पाहायची थांबतात. चंद्रगुप्ताला झोपेत मारण्यासाठी राक्षसाने बीभत्सक वगैरे मारेकरी त्याच्या शयनगृहाच्या भिंतीतल्या सुरंगेत आधीच लपवून ठेवले होते. राजा आत येण्यापूर्वी चाणक्य खोली पाहायला आला. सारे ठीक दिसत होते. एवढ्यात भिंतीच्या एका फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येताना त्याला दिसली. मुंग्यांच्या तोंडी भाताची शिते होती. भिंतीत भात शिजत नाही! आत माणसे आहेत हे त्याने ओळखले आणि घराला आग लावविली. कोंडलेल्या मारेकऱ्यांना धुरात वाट सापडली नाही.

इथवर सुरुंग म्हणजे नुसती पोकळी. हिंदीत 'सुरंग' आजही प्रामुख्याने तेच. रेल्वे सुरंगातून जाते. आपण मात्र त्या पोकळीला बोगदा आणि भुयार हे शब्द देऊन टाकले, आणि सुरुंगात दारू ठासली. मराठीत 'आगगाडी सुरुंगातून गेली' असे म्हटले तर ऐकणारा घाबरून जाईल. इंग्रजीतल्या 'माईन'चाही प्रवास हुबेहूब असाच आहे. आधी तटाखाली खणलेली वाट, मग तिच्यात भरलेली दारू, मग वाट गेली आणि दारू राहिली. भूसुरुंगाला आणि पाणसुरुंगाला कुठली वाट?

आपल्याकडे हा बदल घडला तो किल्ल्यांच्या पायथ्याशी, आणि बऱ्याचदा आपल्याच तटांखाली. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणचा भुईकोट वेढला. फिरंगोजी नरसाळ्यांनी ऐन पावसाळ्यात तो जवळजवळ दोन महिने लढविला. अखेर ऑगस्टमध्ये मोगलांच्या सुरुंगाने एक बुरूज उडाला आणि किल्ला गेला. साताऱ्याला १७०० च्या एप्रिलमध्ये उलटे झाले. औरंगजेब स्वतः छावणीत होता. एका सुरुंगाने किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत उकरून काढले गेले, असे ग्रँट डफ लिहितो. पाठोपाठचा सुरुंग उडाला तो तट बाहेरच्या बाजूला कोसळला, आणि हल्ल्यासाठी तयार उभे असलेले शेकडो मोगल सैनिक त्याखाली चिरडले. किल्ला काही दिवसांनी वाटाघाटीने गेला ते वेगळे. पुढे हाच सुरुंग बोरघाटात रेल्वेची वाट करायला कामी आला. त्या घाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. आता गावोगावच्या विहिरींत तो पाण्यासाठी उडतो.

आणि दुसरी बहीण? ग्रीक सीरिंक्स लॅटिनमध्ये 'सिरिंगा' झाला, तिथून युरोपच्या भाषांत शिरला आणि नळी म्हणून वैद्यांच्या पेटीत राहिला. आधी तिचे काम फक्त कानात-जखमेत औषधी पाणी मारण्याचे, म्हणजे खरोखरीच पिचकारीचे. अण्णांचा प्रतिशब्द काही चुकलेला नाही. १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि लिआँचे शार्ल प्राव्हाझ या दोन डॉक्टरांनी परस्परांना न सांगता तिला पोकळ सुई जोडली. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले ते तिच्यातूनच. अण्णांची गेली सतरा वर्षे त्या टोचणीवर उभी आहेत.

बाकीचे गोत्रज थोडक्यात सांगतो. पाखराच्या श्वासनलिकेला जिथे फाटा फुटतो तिथे त्याचे गाणे तयार होते. त्या अवयवाला हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये 'सीरिंक्स' नाव दिले, म्हणजे कोकिळेच्या गळ्यात शब्द पुन्हा बासरी होऊन बसला. लायलॅक या फुलझाडाचे शास्त्रीय नाव 'सिरिंगा', कारण त्याच्या फांदीतला मऊ गाभा काढला की नळी होते. गंमत अशी की त्याचे बोलीतले नाव, 'लायलॅक', हे फारसी-अरबीच्या वाटेने गेलेले आपले 'नील'. एकाच झाडावर एक पाटी ग्रीक आणि एक संस्कृत.

हे सारे मला ठाऊक होते, आणि अण्णांच्या वहीतली ती नोंद मी जशीच्या तशी वाचून पुढे गेलो होतो. वर्षभर ती मनात सलत राहिली. वर्गात मुलांना मी सांगतो की शब्दाची लाज बाळगू नका, त्याचा पत्ता विचारा. आणि घरी मी एका म्हाताऱ्या माणसाला खूश ठेवण्यासाठी पत्ता लपवून ठेवला होता. शिवाय पुस्तिकेवर 'संपादक' म्हणून माझे नाव जाणार होते, हाही स्वार्थ होताच. छापायला द्यायची वेळ आली तेव्हा एका सकाळी, टोचून झाल्यावर, मी सांगून टाकले.

अण्णांनी सदरा नीट केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाभारतातलासुद्धा?"

"हो, तोही."

"मग महाभारतातली ती ओळ मागाहूनची म्हणायची."

"निदान तो शब्द तरी, अण्णा."

"आणि ही तुझी पिचकारी?"

"ती त्याची बहीण."

ते उठून आत गेले. दोन दिवस वही उघडली नाही. जेवायला बसत, पण जेवणात लक्ष नसे. सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारले, "एक्याऐंशीव्या वर्षी माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला सुरुंग लावायचा असतो का?" मला उत्तर सुचले नाही. त्या शब्दप्रयोगावर दाद द्यावी अशी ती वेळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी हाक मारली. "एक सांग. ग्रीकांचा तरी आहे का तो? त्यांच्याकडे धातू सापडतो?"

हा प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने आजवर विचारलेला नाही. मी सांगितले, नाही सापडत. स्वरयंत्राचा 'लॅरिंक्स', घशाचा 'फॅरिंक्स', रणशिंगाचा 'साल्पिंक्स', या शेवटाचे शब्द ग्रीक येण्यापूर्वी त्या भूमीत जे लोक राहत होते त्यांच्या भाषेतून उचललेले असावेत, असे जाणकार मानतात. ती भाषा उरलेली नाही.

"म्हणजे त्यांनीही उसनाच आणला," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्यापैकी समाधान होते. "वही आण. सुरुंगाचा शेरा खोड. लिही: मूळ ग्रीक, त्याआधीचा पत्ता नाही. इथला जुना रहिवासी."

मी लिहिले. पुढल्या नोंदींना त्यांनी हात लावू दिला नाही. 'सिरिंज — पिचकारी' ही जशीच्या तशी छापायची आहे, आणि 'टेबल'ला 'मेज' हा शब्द त्यांनी दिला होता तो फारसी आहे, हे मी अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतकपाटातून औषधाची कुपी काढली, नारिंगी टोपी उपसली, मात्रा भरली आणि त्यांच्या खोलीत गेलो. पावलांचा आवाज ऐकून अण्णांनी सदऱ्याचे टोक वर केले आणि म्हणाले, "ये. आण तुझा सुरुंग."